कन्नड शिकलोय, पण येत नाही

पत्र:

नमस्कार बाई,
मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला, वय ४३, बँकेत नोकरीला. आठ महिन्यांपूर्वी जत तालुक्यातल्या एका शाखेत बदली झाली. इथं निम्म्याच्या वर गिऱ्हाईक घरात कन्नड बोलणारं. मी पहिल्याच आठवड्यात सांगलीतनं कन्नड शिकायचं पुस्तक आणलं, दोनशे पानी वही केली, रोज रात्री जेवल्यावर अर्धा तास नेमानं अभ्यास करतो. विभक्ती, काळ, सर्वनामं सगळं पाठ आहे, म्हणाल तो तक्ता लिहून दाखवीन. पण काउंटरला एखादी म्हातारी येऊन भडाभडा बोलायला लागली की डोकं बंद. एकदा धाडस करून 'उद्या या' म्हणायला गेलो आणि तोंडातनं निघालं 'निन्ने बर्री', म्हणजे 'काल या'. सगळी लाईन हसली. तेव्हापासून मराठीवरच भागवतोय. आणि माझी पाच वर्षांची पोरगी, जिला अजून धड पाटी धरता येत नाही, ती शेजारच्या पोरांबरोबर कन्नडमधनं भांडते! बायको म्हणते वही रद्दीत घाला. आमचे शिपाई मामा म्हणतात, साहेब, पुस्तकानं कन्नड येत नसतंय. माझं वय झालं का पद्धत चुकली? वही खरंच टाकून देऊ का? आणि पोरगी मराठी बोलताना मधेच कन्नड शब्द घालते, तिचं मराठी बिघडेल का?
– काउंटरवरचा मुका, ता. जत

उत्तर:

दादा, आधी माफी मागते, 'काल या' वाचून मी इतकी हसले की चहा सांडला. अहो बँकेत 'उद्या या' ऐकून ऐकून माणसांच्या चपला झिजल्यात, 'काल या' म्हणणारे साहेब त्या लाईनीनं पहिल्यांदाच बघितले असणार. कर्नाटकात मधे भुताची एक आवई उठली होती, रात्री दार वाजवतं म्हणे, तर लोकांनी भिंतीवर 'नाळे बा' लिहून ठेवलं होतं, म्हणजे 'उद्या ये'. भूत रोज वाचायचं आणि रोज परत जायचं. तुम्ही 'निन्ने बा' लिहिलं असतं तर ते बिचारं गोंधळून तिथंच बसलं असतं. असो.

तुमच्या पत्राचं उत्तर तुमच्याच भाषेत पडलंय बघा. आपण मराठीत 'मी कन्नड शिकतो' म्हणतो पण 'मी कन्नड येतो' असं कधी म्हणत नाही, 'मला कन्नड येतं' म्हणतो. पोहायला येतं, भाकरी थापायला येते, सायकल येते. शिकायचं तेव्हा सगळं काम 'मी' करतो, वही घेतो, पुस्तक आणतो, रात्री डोळे ताणतो. पण यायची वेळ आली की हा 'मी' बाजूला 'मला' होऊन बसतो आणि येणारी असते ती भाषा, ती येईल तेव्हा येईल. आणि गंमत म्हणजे कन्नडमधेही अगदी असंच आहे. 'ननग कन्नड बरतैती', मला कन्नड येतं. बस येते त्यालाही बरतैती, पाऊस येतो त्यालाही बरतैती, आणि भाषा येते तीही बरतैतीच. तुमचे शिपाई मामा बोलले ते म्हणून इतकं नेमकं आहे. शिकत नसतंय असं ते म्हणाले नाहीत, येत नसतंय म्हणाले.

हाच फरक स्टीफन क्रॅशन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात आणि मग १९८२ च्या त्याच्या पुस्तकात मांडला आणि त्यावर जगभरचे भाषेचे मास्तर अजून भांडतायत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की भाषा डोक्यात जायच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक, जाणूनबुजून नियम शिकणं. दुसरी, अर्थ कळत कळत नकळत अंगवळणी पडणं. शिकलेले नियम म्हणे बोलणं तयार करत नाहीत, ते फक्त तयार बोलणं तपासतात, आणि तपासायलाही त्यांना निवांत वेळ लागतो. मी हे बँकेच्या भाषेत सांगते म्हणजे पटेल. तुमच्या वहीतलं व्याकरण हा ऑडिटर आहे. ऑडिटर हुशार असतो, चूक बरोबर पकडतो, पण तो मार्चनंतर येतो, फायली मागवतो, चहा घेतो, चष्मा पुसतो. तुम्ही त्या ऑडिटरला नेऊन कॅश काउंटरला बसवलंय आणि समोर म्हातारी घाईत आहे कारण तिची एसटी सुटायला आलीय. लाईन तुंबणारच की.

तुम्हाला खोटं वाटत असेल तर एक करून बघा. आपण 'तो म्हणाला' म्हणतो, पण 'त्याने सांगितलं' म्हणतो. 'तो बोलला' पण 'त्याने विचारलं'. एकाला 'ने' आणि दुसऱ्याला नाही, का? काम तर तेच, तोंड उघडून काहीतरी सांगायचं. सांगा बरं नियम! नाही ना सांगता येत? मलाही पटकन सांगता येत नाही, आणि तरी आयुष्यात एकदाही आपण 'त्याने म्हणालं' असं म्हणालो नाही. मराठी आपल्याला आली, आपण ती शिकलो नाही, शाळेत गेलो तेव्हा ती आधीच घरात येऊन बसली होती. आता उलटं बघा. मी ३१ वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं. 'ही, शी, इट' असलं की क्रियापदाला एस लावायचा, हा नियम सगळ्या इयत्तेला पाठ होता, झोपेतनं उठवून विचारला तरी सांगायचे, पेपरात रिकाम्या जागा बरोबर भरायचे, आणि मैदानावर भांडण झालं की माझ्याकडं पळत यायचे, 'मॅडम, ही ऑल्वेज पुश मी'. पाठ होता तो नियम, पण तोंडात आला नव्हता. मी तेव्हा पोरांना रागवायचे, आता वाटतं उगीच रागावले. रॉजर ब्राउन नावाच्या संशोधकानं इंग्रजी घरातल्या तीन लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपलं, १९७३ साली ते छापून आलं, त्यात हा एस इंग्रजी घरातल्या पोरांनाही बराच उशिरा येतो असं दिसलं. आयएनजी आधी येतो, अनेकवचनाचा एस आधी येतो, आणि हा क्रियापदाचा मागनं. आवाज तोच, नियम सोपा, तरी उशीर. म्हणजे नियम सोपा असणं आणि तो लवकर येणं यांचा काही संबंध नाही, आणि आम्ही तर सोपा म्हणून पहिल्यांदा तोच शिकवायचो.

आता वयाचं. तुमच्या मनात पोरगी डाचतीय हे कळतंय मला, बाप वही घासतोय आणि लेक भांडतीय. पण जरा हिशोब करा, तुमचा धंदाच तो. रोज अर्धा तास, आठ महिने, म्हणजे साधारण १२० तास, आणि तेही एकट्यानं, बंद खोलीत, एकाही जिवंत कन्नड माणसाशिवाय. पोरगी दिवसाला चार तास जरी अंगणात असली तरी ९६० तास झाले, आणि त्यातला प्रत्येक तास हा 'माझा चेंडू दे', 'तू आऊट', 'सरक तिकडं' असा, म्हणजे शब्द पडला की लगेच हातात वस्तू दिसते नाहीतर पाठीत धपाटा बसतो. शिवाय तिला भाषा लागते किती? दे, घे, माझं, नको, आईला सांगीन. तुम्हाला पीककर्ज नवं-जुनं कसं करायचं, वारसाला काय कागद लागतात, व्याजाची सवलत कधी जाते, हे सांगायचंय. तिची परीक्षा वेगळी, तुमची वेगळी, आणि मार्क मात्र तुम्ही एकाच तराजूत घालताय.

बरं, लहान मुलं भाषा झटपट उचलतात हेही जितकं आपण समजतो तितकं सरळ नाही. १९७८ साली कॅथरीन स्नो आणि मारियान होफ्नागेल-होहले या दोघींनी हॉलंडमधे राहायला आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांचं डच कसं सुधारतं ते बघितलं, लहान पोरांपासून मोठ्या माणसांपर्यंत. पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जोरात गेली ती १२ ते १५ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं, आणि ३ ते ५ वर्षांची चिल्लीपिल्ली सगळ्यात मागं! पुढं जाऊन लहान मुलं पुढं निघतात हे खरं, उच्चारात तर आपण त्यांना गाठतच नाही, आणि तुमचं कन्नड कोरेगावच्या हेलाचंच राहणार हे आत्ताच मान्य करून टाका. पण ४३ हे वय काही गंज चढायचं नाही.

गंज चढायचं वय नसतं हे मी विट्याकडच्या लोकांकडं बघून सांगते. आपल्या खानापूर-आटपाडीची, तुमच्या माण-खटावचीही, किती घरं गलाईच्या धंद्यात आहेत, सोनं-चांदी आटवायच्या. तामिळनाडू, केरळ, आंध्र, कुठं कुठं गल्ल्या धरून बसलीत ही माणसं. माझ्या वर्गातली पोरं दहावी झाली की जायची, काही तर व्हायच्या आधीच. कोण क्लास लावून गेलं? गेली, भट्टीजवळ बसली, मालकाचं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकत राहिली, पहिले काही महिने तोंडातनं चकार शब्द नाही, आणि यात्रेला गावाकडं यायची तेव्हा फोनवर तमिळमधनं टंचावरनं घासाघीस चाललेली. एकाला मी विचारलं, अरे एवढं तमिळ शिकलास कधी, तर म्हणतो, 'शिकलो कुठं बाई, आलं'. पण त्याच पोराला तमिळ पाटी वाचता येत नव्हती, बसवरचं गाव दुसऱ्याला विचारायचा. तुम्हाला कन्नड पाटी खडाखडा वाचता येत असेल आणि विचारता काही येत नसेल. तुम्ही दोघं एका बाकावर बसलात तर एक अख्खा माणूस होतो.

अजून एक गोष्ट तुमच्या पुस्तकानं तुम्हाला सांगितली नसणार. पुस्तकातलं कन्नड आणि जतच्या बाजारातलं कन्नड ही एकाच आईची दोन लेकरं असली तरी वेगळ्या घरात वाढलीत. पुस्तक 'बरुत्तदे' म्हणतं, माणसं 'बरतैती' म्हणतात. 'आहे' म्हणायला पुस्तकात 'इदे', माणसांत 'ऐती'. पुस्तक 'बन्नि' म्हणून बोलावतं, आणि तुमच्या लाईनीतला म्हातारा 'बर्री'. 'कुंदर्री' म्हणजे बसा हे तुमच्या पुस्तकात आहे का बघा, मला नाही वाटत. पुस्तकात पैसा म्हणजे 'हण' आणि काउंटरवर पैसा म्हणजे 'रोक्क'. म्हणजे तुम्ही पुण्याचं पुस्तक वाचून आमच्या सांगलीत 'काय करायलाईस' ऐकलं तर जे होईल ते तुमचं होतंय, डोकं बंद पडलेलं नाही, ते बिचारं 'बरुत्तदे'ची वाट बघत उभं राहतं आणि तोवर म्हातारी चार वाक्यं पुढं गेलेली असते.

आता वही. इथं मी शिपाई मामांच्या आणि वहिनींच्या थोडी विरुद्ध जाणार आहे आणि त्याला कारण माझी स्वतःची फजिती.

माझं माहेर साताऱ्याकडचं आणि सासर मिरजेचं, सासूबाई मूळच्या अथणीकडच्या. घरात पुरुषांशी मराठी, पण सासूबाई आणि त्यांच्या बहिणी स्वयंपाकघरात बसल्या की नुसतं कन्नड. मी पुस्तक वगैरे काही घेतलं नाही, घ्यायला वेळ कुणाला होता, कणीक मळत मळत ऐकत गेले. तूप म्हणजे तुप्प, अक्का म्हणजे अक्का, अण्णा म्हणजे अण्णा, निम्मं तर आपलंच निघालं. वाक्याची बांधणीसुद्धा आपलीच, क्रियापद शेवटाला, 'काल आलेला माणूस' म्हणायचं तर 'निन्ने बंद मनुष्य', शब्दाला शब्द. दोनेक वर्षांत मला बऱ्यापैकी कन्नड आलं आणि मी मिरवायलाही लागले. पण मला सगळ्यात आधी कानावर पडलेला शब्द बरतैती, बस बरतैती, दूधवाल्याची म्हैस बरतैती, तोच मी सगळ्यांना लावला. सासूबाई देवळातनं येतायत हे शेजारणीला सांगायचं तर 'अत्ति बरतैती'! ते बरतैती वस्तूला आणि जनावराला, आणि सासूला मानानं 'बरतार' म्हणायचं असतं. कितीतरी वर्षं मी माझ्या सासूला म्हशीच्या पंक्तीत बसवत होते आणि कुणी काही बोललं नाही, कारण अर्थ कळत होता ना. शेवटी नणंदेनं एकदा हसत हसत सांगितलं, वहिनी, ते बघा असं असतं. एक मिनिट लागलं. त्या एका मिनिटानंतर मला लोकांच्या तोंडात बरतार ऐकू यायला लागलं, आधीही ते रोज म्हणतच होते की, माझ्या कानात शिरत नव्हतं एवढंच.

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. रिचर्ड श्मिट नावाच्या भाषेच्या संशोधकानं हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराच्या इंग्रजीचा तीन वर्षं अभ्यास केला, १९८३ ला तो अभ्यास छापून आला. माणूस गप्पिष्ट, दोस्त भरपूर, इंग्रजीत सगळे व्यवहार करायचा, लाजणं-बुजणं काही नाही, आणि तीन वर्षांत व्याकरण जवळजवळ होतं तिथंच. त्यावरनं पुढं श्मिटनं असं मांडलं की नुसतं कानावर पडून भागत नाही, ते लक्षात यावं लागतं. कॅनडात इंग्रजी घरातली पोरं सगळी शाळाच फ्रेंचमधे शिकायची, मेरिल स्वेन नावाच्या संशोधिकेनं बघितलं तर ऐकून समजण्यात ती फ्रेंच पोरांच्या तोडीची झाली पण बोलण्या-लिहिण्यात वर्षानुवर्षं त्याच चुका. तिनं १९८५ मधे म्हटलं, त्यांना बोलायला भाग पाडलं जात नाही, बोलायला गेलं की मगच कळतं आपल्याला काय येत नाही ते. क्रॅशन मात्र अजून आपल्याच म्हणण्यावर आहे, ऐका-वाचा, समजून घ्या, बाकी आपोआप. माझं मत विचाराल तर पाया त्याचाच बरोबर आहे, पण 'आपोआप'वर मी माझ्या म्हशीमुळं पूर्ण विश्वास ठेवत नाही.

तेव्हा वही रद्दीत घालू नका, फक्त तिची वेळ बदला. आत्ता तुम्ही आधी वही आणि मग कान असं करताय, ते उलटं करा. दिवसभरात कानाला काहीतरी खटकलं, की बसला बरतैती म्हणाले आणि मॅनेजर साहेबांना बरतार म्हणाले, असं का, तर ते चिठ्ठीवर टिपा आणि रात्री वहीत नाहीतर पुस्तकात शोधा. त्या दिवशी काही खटकलं नाही तर त्या रात्री वही उघडूच नका, सरळ झोपा.

आणि कान भरायला शिपाई मामांसारखा माणूस तुमच्या हाताशी आहे, तुम्ही त्यांच्याकडनं फक्त फायली उचलून घेताय. त्यांना सांगा, गिऱ्हाईक आत यायच्या आधी वीस मिनिटं रोज माझ्याशी कन्नडच बोलायचं, काल बँकेत काय काय झालं तेवढंच सांगायचं. कोण आलं, कोण भांडलं, मशीन कधी बंद पडलं. हे तुम्हाला आधीच माहितीये, तुमच्या डोळ्यादेखत झालंय, म्हणजे शब्द कळले नाहीत तरी गोष्ट कळते आणि गोष्टीवरनं शब्द कळतो, पोरीला चेंडूवरनं कळतो तसा. तुम्ही बोललंच पाहिजे असं काही नाही, पहिला महिना नुसतं 'हौद्री हौद्री', म्हणजे हो हो, करा, चालतंय. मामा मधेच मराठीवर येतील, प्रेमानं येतील, आपल्या भागातली माणसं दोन्ही भाषांत पोहणारी, समोरचा जरा बुडायला लागला की लगेच हात देतात. तो हात घेऊ नका. 'कन्नडदाग हेळ्री' म्हणा, कन्नडमधे सांगा.

काउंटरवर मात्र तक्ते सोडा आणि अख्खी वाक्यं तशीच्या तशी उचला, विभक्ती सोलत बसू नका. 'सही माड्री', सही करा. 'इन्नोम्मे हेळ्री', परत एकदा सांगा. 'सावकाश हेळ्री', यातला सावकाश तर आपलाच, तो सीमा ओलांडून गेलाय. एवढ्या तीन वाक्यांवर म्हातारी तुमच्याशी कन्नड बोलत राहील आणि ती बोलत राहिली की तुमचं काम झालं, कारण तुम्हाला बोलायचं कमी आहे आणि ऐकायचं जास्त. पैशाचे शब्द आधी कानात बसू द्या, 'बड्डि' म्हणजे व्याज, 'साल' म्हणजे कर्ज. हा साल जपून बरं का, आपल्याला वाटतं वर्ष विचारतायत, आणि तो बिचारा कर्ज किती राहिलं विचारत असतो, तुम्ही सांगणार २०१९! कर्ज भरायला ते 'तुंबु' म्हणतात, पिशवी भरायला जो शब्द तोच, आणि आपणही पिशवीही भरतो आणि हप्ताही भरतो, म्हणजे इथं तुम्हाला नवीन काही शिकायचंच नाही, फक्त ओळखायचंय.

घरी वेळ मिळाला तर आकाशवाणीच्या विजापूर केंद्राचे शेतीचे कार्यक्रम ऐका, बातम्या नंतर. द्राक्ष, डाळिंब, बेदाणा, फवारणी, हे सगळं तुम्ही कर्जाच्या फायलीत रोज बघता, विषय ओळखीचा असला की भाषा निम्मी ओळखीची होते. सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून गुड्डापूरला दानम्मा देवीला जा, कर्नाटकातनं माणसं येतात, नारळाच्या दुकानापासून चपला ठेवायच्या जागेपर्यंत सगळीकडं कन्नड, आणि तिथं तुम्हाला कुणी बँकेचे साहेब म्हणून ओळखत नाही, चुकलं तरी कोण हसणार. हे हसण्याचं मी हलक्यात घेत नाहीये हं. क्रॅशननंच सांगितलंय की माणूस धास्तावलेला असला की कानावर पडलेलं आत उतरत नाही, मधे गाळणी लागल्यासारखं होतं. तुमची गाळणी त्या दिवशी लाईन हसली तेव्हा बसलीय, ती काढायला थोडे दिवस साहेबपण घरी ठेवून हिंडावं लागेल.

पोरीचं विचारलंत. काही बिघडत नाही. दोन भाषांत वाढणारी पोरं शब्दांची सरमिसळ करतात आणि कुणाशी काय बोलायचं हे फार लवकर ओळखतात, साताऱ्याच्या आजीशी ती फोनवर कन्नड बोलते का? नाही ना? मग झालं तर. तुम्ही घरात भरपूर मराठी बोला, गोष्टी सांगा, बास. फक्त तिला मास्तरीण करू नका. 'असं का म्हणायचं गं' म्हणून विचारलंत तर ती 'असंच म्हणतात' म्हणेल आणि वैतागून खेळायला जाईल, आणि तिचं बरोबर आहे, तुम्ही तरी कुठं मला 'त्याने म्हणालं' का नाही ते सांगू शकलात. त्यापेक्षा संध्याकाळी तिच्या खेळात बसा, आऊट व्हा.

सहा महिन्यांत तुम्ही फाडफाड बोलाल असं काही मी लिहून देणार नाही, ती माझ्या हातातली गोष्ट नाही आणि खरं तर तुमच्याही नाही. पण एक सांगा, वही न उघडता, पटकन, काल म्हणजे काय आणि उद्या म्हणजे काय? निन्ने. नाळे. बघा, एक क्षणही लागला नाही, आणि आता मरेपर्यंत घोळ होणार नाही. हे दोन शब्द तुम्हाला आलेत, आणि ते त्या हसणाऱ्या लाईनीनं दिलेत. आता सोमवारी ती म्हातारी आली की बिनधास्त 'नाळे बर्री' म्हणून टाका. अर्थात काम आजच होण्यासारखं असेल तर तेही म्हणू नका, करून द्या बिचारीचं, तिची एसटी असते.